वीणा दुसऱ्याच्या गळ्यात

सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. अखंड पहारा असतो. एकाची वेळ संपली की तो उभ्या उभ्या दुसऱ्याच्या गळ्यात वीणा घालतो, एकमेकांच्या पाया पडणे होते आणि नाम पुढे चालू राहते. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. माझे वडील वीणेकरी होते, त्यांच्यामागे मी झालो. तरीही या रीतीचा अर्धाच अर्थ मला कळला होता. उरलेला अर्धा कळायला वयाची साठी उलटावी लागली आणि घरच्या माणसाला मरणाच्या दारापर्यंत जाऊन यावे लागले. ते जसे घडले तसे लिहितो. माउलींनी माझी लाज पाहू नये, त्यातून काही हाताला लागले तर पाहावे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबचा कास्तकार. चिंतामणीचे कळंब म्हटले की बहुतेकांना ओळख पटते. आमचा चिंतामणी जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून दर्शनाला जावे लागते, आणि खाली कुंड आहे. कपाशी, तूर, सोयाबीन आणि संध्याकाळचा हरिपाठ एवढाच आमचा प्रपंच आणि परमार्थ.

चार वर्षांपूर्वीच्या माघातली गोष्ट. आमच्या आळीतल्या मंदिरात सप्ताह होता. सहाव्या दिवशी पंगत झाली. वांग्याची तर्रीची भाजी, भजे, बुंदी. आमची मंडळी सकाळपासून चुलीपाशी होती. दिवसभर पोटात काही नाही आणि शेवटच्या पंगतीला बसली. त्या रात्री बारा ते तीन माझा वीणेचा पहारा होता. एकच्या सुमारास धाकटा मुलगा धावत आला.

"बाबा, माय लय कळवळून राह्यली. बरगडीखाली उजवीकडे धरून बसली हाय. चाला ना घरी."

मी टाळाच्या ठेक्यावर पाय हलवत राहिलो. म्हणालो, "वायगोळा असन. ओवा दे, शेक दे. नाम घे म्हणा तिले. माहा पहारा हाय."

पोरगा क्षणभर उभा राहिला आणि गेला. मंदिरात माझ्याशिवाय सात माणसे बसली होती. त्यातला कोणीही वीणा घ्यायला आनंदाने उठला असता. एका मिनिटाचे काम होते. पण मला त्या वेळी असे वाटले की संसाराने हाक मारली आणि मी जागचा हललो नाही, हीच माझी निष्ठा.

तीन वाजता घरी गेलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. कपाळ घामाने ओले, दोन वेळा उलटी झालेली. पण कळ ओसरली होती. सकाळी ती उठून कामाला लागली. काल्याच्या दिवशी मी चार माणसांत सांगून टाकले, "रात्री घरात असं झालं होतं, पण नामानं निभावलं." सगळ्यांनी मान डोलावली. मलाही बरे वाटले.

माउली, त्या वाक्याने किती नुकसान केले ते पुढे सांगतो.

त्यानंतर तिने दुखण्याची तक्रार केली नाही. कधी रात्री उठून अंगणात फेऱ्या मारायची, विचारले तर म्हणायची, "पित्त झालं." कधी उजव्या खांद्याच्या पात्यामागे तेल चोळून घ्यायची, तेव्हा आम्ही म्हणायचो, कापूस वेचून गाठोडे डोक्यावर घेतले, उसण भरली. एकच दुखणे वायगोळा, पित्त, उसण अशी तीन नावे घेऊन आमच्या घरात दोन वर्षे राहिले.

मग दोन वर्षांपूर्वीची ज्येष्ठ शुद्ध एकादशी आली. निर्जला. ती दरवर्षी करते, पाण्याचा थेंब घेत नाही. दुसऱ्या दिवशी द्वादशीचे पारणे. आमच्या विदर्भात पाहुणा असो की पारणे, गोळाभात आलाच, आणि गोळाभातावर फोडणीचे तेल सढळ हाताने ओतले नाही तर तो गोळाभात नव्हे. त्याच रात्री तिला कळ आली. तिने कोणाला सांगितले नाही, कारण ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींचे प्रस्थान. माझी पिशवी भरून दाराशी टांगलेली होती. दहा दिवस उरले होते. आपण बोललो तर यांची वारी चुकेल, एवढाच विचार तिने केला.

या वेळी कळ ओसरली नाही. दुसऱ्या दिवशी ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला. मोठ्या सुनेने कंदिलासारखा मोबाइलचा उजेड तोंडावर धरला आणि म्हणाली, "मामाजी, आत्याबाईंचे डोये पिवये दिसते."

मग मात्र धावपळ झाली. कळंबहून यवतमाळ पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. तो रस्ता त्या रात्री संपता संपेना. यवतमाळला सोनोग्राफी झाली, रक्त तपासले. पित्ताशयात खडे होते आणि त्यातला एक घसरून पित्तनलिकेत अडकला होता. वाट बंद झाल्यामुळे पित्त रक्तात चढले, म्हणून डोळे पिवळे आणि लघवी काळपट. साचलेल्या पित्तात जंतू वाढून पू झाला होता, म्हणून थंडीताप. डॉक्टर स्पष्ट बोलले, "दुखणे, थंडीताप आणि कावीळ हे तिन्ही एकत्र आले की तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नाही. तुम्ही तीन दिवस घालवले आहेत." त्याच रात्री सलाईन आणि प्रतिजैविके लावून नागपूरला हलवले. तिथे तोंडातून दुर्बिणीची नळी आत घालून नलिकेतला खडा काढला आणि पित्ताची वाट मोकळी केली. ताप उतरायला पाच दिवस लागले. पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया नंतर करायची ठरली.

त्या पाच दिवसांत मला जे शिकायला मिळाले ते कुठल्या पारायणात मिळाले नव्हते. एक तरुण डॉक्टर होते. मी त्यांना विचारले, "साहेब, आम्हाला हे कळायला पाहिजे होते का?" त्यांनी माझ्या वहीवर चित्र काढले आणि म्हणाले, "काका, उजव्या बरगडीखाली एक दाट वस्ती आहे. एका घरात भांडण होते आणि आवाज शेजारच्या घरातून येतो. म्हणून बाहेर उभे राहून कोणाचे घर ते ठरवायचे नसते."

ती वस्ती त्यांनी समजावून दिली. सगळ्यात मोठे घर यकृताचे. त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेली पित्ताशयाची लहानशी पिशवी. पित्त यकृतात तयार होते, पिशवीत साठते आणि तेलातुपाचे अन्न पोटात आले की पिशवी आकसून ते आतड्यात सोडते. खडा पिशवीच्या तोंडाशी अडकला की जोराची कळ येते. ती पाठीत किंवा उजव्या खांद्यात जाते, अर्ध्या तासापासून काही तास टिकते, कूस बदलून आराम पडत नाही, उलटी होते. खडा मागे सरकला की कळ थांबते. माघातल्या त्या रात्री हेच झाले होते. दुखणे मिटले नव्हते, खडा बाजूला झाला होता. कळ पाच-सहा तासांपलीकडे टिकली आणि ताप आला, तर पिशवी सुजली असे समजावे.

यकृतही दुखते. घाण पाण्यातून होणाऱ्या काविळीत तिथे जडपणा आणि दुखणे येते, जेवणावरची वासना जाते. आमांशाच्या जंतूंनी यकृतात गळू होते, तेव्हा तापाबरोबर तिथेच ठणका लागतो. वाटेत मिळेल ते पाणी पिणाऱ्या आपण वारकऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच वस्तीत जठराच्या पुढचे लहान आतडे आहे. तिथली जखम फुटली तर सुरी खुपसल्यासारखी कळ येते आणि पोट लाकडासारखे कडक होते. मागच्या बाजूला स्वादुपिंड. ते सुजले की दुखणे आरपार पाठीत जाते. आणखी मागे उजवी किडनी. तिथल्या खड्याची कळ कुशीतून जांघेकडे उतरते. वर फुप्फुसाचा तळ. तिथे न्यूमोनिया झाला तर श्वास घेताना बरगडीखाली दुखते. नागीण उठायची असेल तर फोड दिसण्याआधी दोन-तीन दिवस एकाच बाजूला आग होते. आणि कधी कधी हृदयविकाराचा झटकाही पोटाच्या वरच्या भागात दुखून येतो, विशेषतः म्हाताऱ्या आणि मधुमेही माणसांत. घाम सुटतो, दम लागतो आणि घरचे लोक सोडा पाजत बसतात. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत तिथे दुखू लागले, डोके दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तेही लगेच दाखवायचे. रक्तदाब वाढल्याची ती खूण असू शकते.

"आणि साधा गॅस, साधी उसण?" मी विचारले.

"तेही असते. बऱ्याचदा तेच असते," ते हसले. "पण ते तपासून म्हणायचे, आधी म्हणायचे नाही."

त्यांनी आणखी एक विचारले, घरात कोणाला सिकलसेल आहे का. आपल्या विदर्भात हा आजार पुष्कळ घरांत आहे; त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी लवकर मोडतात आणि त्यांच्या रंगद्रव्याचे खडे लहान वयातही पित्ताशयात होतात. म्हणून पोरगं पोट धरून बसले तर शाळा बुडवायचा बहाणा म्हणून हसण्यावारी नेऊ नये. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली आहे. रक्ताची एक तपासणी करून घेणे अवघड नाही. तिला तो आजार निघाला नाही. चाळिशीपुढची बाई, चार बाळंतपणे, आईलाही खडे होते. तिचे कारण एवढेच.

मी घाबरत विचारले, एकादशीमुळे झाले का? डॉक्टर म्हणाले, "एकादशीला दोष देऊ नका. पण खडे असलेल्या माणसाने दिवसभर कोरडे राहून दुसऱ्या दिवशी एकदम तेलाचे ताट बसवले, तर पिशवी जोरात आकसते. पारणे वरणभाताने सोडले तर देव रागावतो का?" मला उत्तर सुचले नाही. एकादशीलाही आम्ही साबुदाण्याची तुपातली उसळ, तळलेले बटाटे आणि दाण्याचे लाडू खातो. उपवास म्हणजे देवाजवळ बसणे. आम्ही कढईजवळ बसत होतो.

शस्त्रक्रियेचे नाव ऐकून घरात रडारड झाली. पोट फाडणार, एक अवयव काढून टाकणार, मग माणूस जगेल कसे? हेही त्यांनीच सांगितले. पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी केली. दुर्बिणीतून, लहान छिद्रांतून ते काढण्याची पद्धत आपल्या देशात १९९० साली मुंबईत डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी आणली. पिशवी गेली तरी पित्त यकृतातून येतच राहते. मी कास्तकाराच्या भाषेत समजून घेतले: हौद गेला, विहीर शाबूत आहे.

प्रस्थान झाले. पालखी पुण्यात आली, दिवेघाट चढली, सगळे मोबाइलवर दिसत होते. माझी एकोणिसावी वारी त्या वर्षी झाली नाही. आषाढी एकादशीला आम्ही कळंबला घरीच होतो, शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात होती. मी तिला पेज भरवत होतो. मनात अजून थोडी खंत होती, ती चेहऱ्यावर आली असावी. ती म्हणाली, "तुमची वारी माह्यापायी गेली."

मी म्हटले, "तू तवाच काहून नाही सांगतलं?"

ती पुष्कळ वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पहिल्या डाव दुखलं तवा तुम्ही समद्यायले सांगतलं का नामानं निभावलं म्हणून. मंग दुसऱ्या डाव दुखलं. मले वाटलं, माह्यंच नाम कच्चं असन."

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली.

दोन वर्षे ती बाई अंधारात अंगणात फेऱ्या मारत होती आणि दुखण्यावर दुसरे दुखणे सोसत होती, की आपली भक्ती कमी पडते. ते दुसरे दुखणे मी दिले होते. नामाचा महिमा सांगतो असे समजून मी तिच्या तोंडावर नामाचे झाकण ठेवले होते. नाम तारते यावर माझा आजही पूर्ण विश्वास आहे. नागपूरच्या वाटेवर गाडीत तिचा हात धरून मी नामच घेत होतो, आणि त्यानेच माझे मन थाऱ्यावर राहिले. पण नाम घेत दवाखान्यात जाणे आणि नाम सांगून दवाखाना टाळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात श्रद्धा आहे. दुसऱ्यात बहुतेक वेळा आळस असतो, नाही तर पैशाची भीती, आणि दुखणारा देह आपला नसून दुसऱ्याचा असतो.

त्या दिवशी घराघरांत ज्या विटेचे स्मरण चालले होते ती वीट मला वेगळी दिसली. पंढरीचा देव उभा का आहे? पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. देव स्वतः दाराशी आला तरी तो उठला नाही. हाताशी होती ती वीट त्याने पुढे सरकवली आणि देवाला थांबायला सांगितले. आईबापांना त्याने सांगितले नाही की नाम घ्या आणि पडून राहा, माझा देव आला आहे. सेवेसाठी त्याने देवाला थांबवले. मी देवासाठी सेवेला थांबवले, आणि तेही देवाने मागितले नसताना. आपला सगळा संप्रदाय त्या विटेवर उभा आहे. मी अठरा वर्षे तिच्यापर्यंत चालत गेलो, डोके टेकवले आणि वीट कशासाठी आहे हे विसरून परत आलो.

आमच्या वऱ्हाडच्या गाडगेबाबांना हे किती साधेपणाने कळले होते! त्यांनी देवळे बांधली नाहीत. पंढरपुरात धर्मशाळा बांधली ती माणसांसाठी, आणि मुंबईतही दूरगावाहून औषधपाण्याला येणाऱ्यांसाठी आसरा उभा केला. रोग्याला औषधोपचार हा त्यांच्या शिकवणुकीत धर्माचाच भाग होता. १९५६ साली ते गेले. त्यांचे कीर्तन ऐकलेली म्हातारी माणसे माझ्या लहानपणी आमच्याकडे होती. ते नवसावर, अंगाऱ्यावर कोरडे ओढत, हे त्यांच्याकडून ऐकत मी मोठा झालो. ऐकले होते, पण वेळेवर आठवले नाही.

शस्त्रक्रिया नीट झाली. आता ती बरी आहे, शेतात जाते. आमच्या भजनी मंडळात काही बदल झाले, ते आपोआप झाले असे म्हणणार नाही, मी भांडून करून घेतले. द्वादशीचे पारणे वरणभाताने होते. निघण्याआधी दिंडीतल्या प्रत्येकाला, विशेषतः बायांना, एकेकट्याला विचारतो की कुठे काही दुखते का. चारचौघांत विचारले तर कोणी सांगत नाही. गोळ्यांची चिठ्ठी प्रत्येकाच्या पिशवीत असते. आणि कोणाच्या दुखण्याचे नाव आपण ठेवायचे नाही, असा नियम आहे.

हा शेवटचा नियम मीच मोडला. गेल्या वर्षी लोणंदहून तरडगावकडे जाताना चांदोबाच्या लिंबापाशी उभ्या रिंगणाची तयारी चालली होती. वारकरी दुतर्फा उभे होते, अश्व यायचे होते. आमच्या दिंडीतला शेजारच्या गावचा एक माणूस उजव्या बरगडीखाली हात धरून मटकन खाली बसला. कोणीतरी म्हणाले, "ओवा द्या रे." माझ्या मनात आले, खडे. हे तर आपल्याला चांगले ठाऊक आहे.

पण या वेळी पाय थांबले नाहीत. मी गळ्यातली वीणा काढली, मागच्या माउलीच्या गळ्यात घातली, पाया पडलो आणि त्या माणसाला धरून आरोग्य पथकाच्या तंबूकडे नेले. त्यांनी आधी हृदयाचा आलेख काढला, मग १०८ च्या गाडीने दवाखान्यात धाडले. मी बरोबर गेलो. खडे नव्हते. गुडघे दुखतात म्हणून तो आळंदीपासून उपाशीपोटी दुखणेनिवारक गोळ्या गिळत होता. आतड्यात जखम झाली होती, फुटण्याआधी सापडली. डॉक्टरांनी त्या गोळ्या बंद केल्या, दुसरे औषध दिले. पुढची वारी त्याने गाडीतून केली.

म्हणजे मी पुन्हा चुकलोच होतो. मनातल्या मनात चुकलो, एवढाच फरक.

संध्याकाळी तरडगावच्या मुक्कामी पोहोचलो तेव्हा हरिपाठ चालू होता. रिंगण हुकले होते. ज्याच्या गळ्यात वीणा घातली होती तो तरुण मुलगा अजून उभाच होता, घामाघूम. मला पाहताच त्याने विचारले, "काका, कसे आहेत ते?" मी सांगितले. मग त्याने वीणा माझ्या गळ्यात घातली. नाम कुठेही तुटलेले नव्हते.

रामकृष्ण हरी.